सारी-साझची सरळ वाट

तोर-बुलाकच्या शाळेत भूगोल शिकवणारी केंजेकान दर वर्षी मे महिन्यात शाळेची वर्षातली शेवटची घंटा झाली, की माणसं गोळा करायच्या मागे लागायची. तोवर बर्फ वितळून वरच्या तळ्याकडे जाणारी पायवाट उघडी पडलेली असे. कुठे दरड आलेली, कुठे स्प्रूसचं झाड आडवं, कुठे ओढ्याने वाटेचा अर्धा काठच खाल्लेला. ही वाट दुरुस्त करणं कुणा एकाच्या गळ्यात नव्हतं, म्हणून ते सगळ्या गावाचं काम होतं. एखाद्याचं घर उभं राहताना शेजारीपाजारी न बोलावता येऊन माती कालवतात, तसंच हे. आमच्याकडे त्याला आशार म्हणतात.

बारा-पंधरा माणसं जमायची. एका घोड्यावर कुदळी, पहारी, करवती, दुसऱ्यावर पिठाची पोती, चहा, लोणी आणि पाणी उकळायचा समोवार. तीन-चार दिवस वर राहून काम. सगळ्यांत वयस्क माणसाने निघताना हात पसरून दुआ म्हणायची, सगळ्यांनी चेहऱ्यावरून तळवे फिरवायचे आणि चालायला लागायचं. हा वयस्क माणूस म्हणजे मुकामबेत अके; वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे अके म्हणतात.

मुकामबेत अके तीस वर्षं त्या जंगलाचा राखणदार होता. नोकरी संपली तरी त्याच्या पायातले बूट काही उतरले नव्हते. बोलणं बेताचं. केंजेकान पहिल्यांदा आशारला आली तेव्हा तिला कुदळ धरताही येत नव्हती. चार वर्षांत त्याने तिला वाटेचं सगळं शिकवलं. उतारावर दगड कसा तिरका बसवायचा म्हणजे पावसाचं पाणी वाटेवरून न पळता बाजूला उतरतं, झाड कापताना आधी फांद्यांचा ताण कसा ओळखायचा, लाल-पांढऱ्या खुणेचा पट्टा खोडावर किती उंच मारायचा म्हणजे बर्फातही दिसतो. "मास्तरीणबाई, दगड हलतोय," तो म्हणायचा. तिला हलताना दिसायचा नाही. मग तो नुसता बुटाचा पंजा त्यावर ठेवायचा आणि दगड खरंच डगमगायचा.

जंगल संपलं की सारी-साझ लागायचं. पाण्याने भरलेलं रुंद कुरण, वरच्या कड्याखालच्या झऱ्यांवर पोसलेलं. जूनच्या मध्यावर ते एका आठवड्यात पिवळंजर्द व्हायचं. लिंबाएवढी गोल, पाकळ्या घट्ट मिटलेली फुलं, हजारोंनी. वाट मात्र कुरणात शिरत नव्हती. ती उजव्या हाताला वळून कड्याच्या पायथ्याशी, दगडगोट्यांतून, मोठा वळसा घालून पलीकडे निघायची. केंजेकानला ते कुरण जिवापाड आवडायचं. आशारच्या दिवसांत ती पहाटे उठून एकटी त्याच्या काठाला जाऊन बसे. बिळांच्या तोंडाशी मार्मोट शीळ घालायचे, फुलांवरचं दव उन्हात सुटायला लागायचं. तिला वाटायचं, एवढं सगळं इथे आहे आणि डोंगरात येणारी माणसं मान खाली घालून गोटे चुकवत पुढे जातात. कुणी बघतच नाही.

त्या वर्षी एसेनकुलने विषय काढला. एसेनकुलने वरच्या तळ्याशी पाहुण्यांसाठी पाच युर्ती म्हणजे जाड लोकरीचे गोल तंबू टाकले होते. माणूस हसरा, जिभेला हाड नाही. कामाच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला, तळलेल्या पिठाचे बोरसोक तोंडात टाकत तो म्हणाला, "अके, तुमची ही वाट आणि माझ्या सासूबाईंची गोष्ट एकसारखी. मुद्द्यावर यायला अर्धा दिवस. गेल्या आठवड्यात एका बाईचा पाय मुरगळला गोट्यांत. खांद्यावर टाकून आणली मी. बायको अजून बोलत नाहीये माझ्याशी."

सगळे हसले. मुकामबेत अकेही मिशीत हसला.

"कुरणातून सरळ काढू या की," एसेनकुल म्हणाला. "दहा मिनिटांत पलीकडे."

"तुझे पाहुणे समुद्र ओलांडून येतात," मुकामबेत अके म्हणाला. "त्यांना अर्ध्या तासाची काय एवढी घाई?"

केंजेकानने पियाला खाली ठेवला. गेली दोन वर्षं हेच तिच्या मनात घोळत होतं. "घाईचं नाही, अके. त्यांना फुलं बघायला मिळतील. जवळून बघतील तर जीव लावतील. जीव लावतील तर जपतील."

"बघायचं तर काठावर बसून बघावं. आत पाय कशाला?"

"काठावरून नुसतं पिवळं दिसतं. फूल दिसत नाही."

म्हाताऱ्याने डोक्यावरची कलपाक टोपी मागे सारली. समजावून सांगायची त्याला सवय नव्हती, पण तो सांगू लागला. "बाई, ती जमीन नाही. वर गवताची सतरंजी आहे, खाली पाणी. शंभर माणसं एकाच जागी पाय देतील, सतरंजी फाटेल. मग झऱ्याचं पाणी तुमच्या वाटेने चालायला लागेल आणि कुरण कोरडं पडेल."

"आणि मेंढ्या? दर वर्षी पाच-सहाशे जातात तिथून. कुरण आहेच की जागेवर."

"मेंढ्या एका ओळीत चालत नाहीत."

इथे केंजेकान थांबली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण आपल्यापेक्षा कमी शिकलेल्या माणसाचं म्हणणं पटायला लागलंय, आणि तेही सगळ्यांसमोर, हे तिला त्या क्षणी सोसलं नाही. "अके, तीस वर्षं तुम्ही जंगलातून मेंढ्या हाकलत फिरलात," ती म्हणाली, "म्हणून तुम्हाला माणसंसुद्धा हाकायचीच सवय लागलीय. येणारी माणसं शिकलेली आहेत हो. पाय कुठे ठेवायचा ते त्यांना कळतं."

एसेनकुल खो खो हसला. त्याचं बघून दोघं-तिघं हसले. केंजेकानलाही हसू आलं, आपलं बोलणं जमून आल्याचं.

मुकामबेत अके उठला. आपली कुदळ त्याने गवतात पुसली आणि घोड्याच्या ओझ्यात नीट बांधून ठेवली. कुणाला वाटलं तो लाकडं आणायला चाललाय. तो जंगलात शिरला आणि तसाच गावात उतरला. त्यानंतर तो आशारला आला नाही.

दोन दिवसांत वाट झाली. खुंटे ठोकले, त्यांवर लाल-पांढरे पट्टे मारले, मऊ जागी सपाट दगड टाकले. पहिला उन्हाळा केंजेकानच्या आयुष्यातला सगळ्यांत आनंदाचा गेला. माणसं फुलांत उभी राहायची, गुडघे टेकून वाकायची. एका म्हाताऱ्या परदेशी बाईने तिचे हात धरले आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलत रडली. हे मुकामबेत अकेने बघायला हवं होतं, असं केंजेकानला वाटलं. त्याच्या घरी जाऊन सांगावं असं मात्र वाटलं नाही.

दुसऱ्या वर्षी ते सपाट दगड चिखलात बुडाले होते. पाऊसच फार झाला, ती म्हणाली. चिखल चुकवायला माणसं बाजूच्या गवतातून चालायची, मग तिथे चिखल व्हायचा, मग त्याच्याही बाजूने. तिसऱ्या वर्षी आशारवाल्यांनी फळ्या आणून टाकल्या. हिवाळ्यात कुणा मेंढपाळाने जाळायला नेल्या. चौथ्या वर्षी केंजेकान जंगलातून बाहेर आली आणि तिला आधी पाण्याचा आवाज आला. सारी-साझमधून कधी पाण्याचा आवाज येत नसे. कुरणाच्या मधोमध मांडीएवढा खोल चर पडला होता. कड्याखालचं सगळं पाणी त्यातून खळखळत खालच्या ओढ्याला मिळत होतं. चराच्या खालच्या अंगाला, जिथे पूर्वी पाय ठेवायला जागा नसे एवढी फुलं असत, तिथे करडं गवत आणि रानटी चुका वाढला होता. वरच्या अंगाला थोडी फुलं होती, बुटकी, देठ आखडलेली. तिने खाली वाकून मातीत बोटं घातली. माती कोरडी होती.

एसेनकुल थोरल्या बहिणीला मारतात तशी हाक मारून म्हणाला, "एजे, आता यावर पूल घालावा लागेल."

गेल्या तीन वर्षांत मुकामबेत अके तिला दुकानात, रस्त्यात, लग्नाकार्यात दिसायचा. सलाम व्हायचा, तब्येत विचारली जायची, तिच्या वडिलांची खुशाली विचारली जायची. त्यापुढे दोघांपैकी कुणी जात नसे. मधल्या काळात त्याची नजर अधू होत गेली होती. डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून सांगितलं, आणि त्या वसंतात त्याला उजेड-अंधारापलीकडे काही दिसेनासं झालं.

आशारहून उतरल्यावर तिसऱ्या दिवशी केंजेकान त्याच्या घरी गेली. ताजी भाकरी आणि रास्पबेरीच्या मुरंब्याची बाटली बरोबर घेतली होती. काय बोलायचं ते तिने वाटेत जुळवलं होतं. तुमचं खरं होतं, अके. मी चारचौघांत तुम्हाला टाकून बोलले. कुरण मेलंय, ते कसं वाचवायचं ते सांगा. एवढीच तीन वाक्यं.

तो ओसरीवर उन्हात बसला होता. त्याची बायको ऊलकान, जिला सगळे जेंगे म्हणजे वहिनी म्हणायचे, दही घुसळत होती. केंजेकानचा आवाज ऐकताच म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"मास्तरीणबाई! बसा, बसा. ऊलकान, चहा! वरून आलात ना? झाडांचा वास येतोय अंगाला."

"तीन दिवस झाले की, अके. अंघोळ करून आलेय."

"तो वास अंघोळीने जात नाही." तो हसला. मग मान तिच्याकडे वळवून त्याने विचारलं, "सारी-साझ फुललं असेल?"

जुळवलेली वाक्यं तिच्या ओठांवर होती. समोर तो बसला होता, हात मांडीवर, डोळे तिच्या खांद्यापलीकडे कुठेतरी लागलेले. आता हा माणूस ते कुरण पुन्हा कधी बघणार नाही. त्याच्याकडे आहे ते मनातलं. ते तरी कशाला हिरावून घ्यायचं? असं तिने स्वतःला सांगितलं. पण ते काही पूर्ण खरं नव्हतं. खरं म्हणजे तिला भीती वाटली, आणि समोरचा माणूस आंधळा होता.

"फुललंय, अके," ती म्हणाली. "सगळं पिवळं झालंय."

"सगळं?"

"सगळं."

"खालच्या अंगालासुद्धा? ओढ्याकडे?"

"तिकडेही."

जेंगेचं घुसळणं थांबलं होतं. मुकामबेत अकेने मान पुन्हा उन्हाकडे वळवली. "बरं," तो म्हणाला. "छान."

मग तो तिच्या शाळेबद्दल बोलला, यंदाच्या गवताबद्दल बोलला, मुरंब्याची बोटभर चव घेऊन गोड जास्त झालाय म्हणाला. केंजेकान दुसरा चहा ओतायला गेली तेव्हा त्याने पियाल्यावर तळहात ठेवला. ती उठली. फाटकापर्यंत जाताना दोनदा तिला मागे वळावंसं वाटलं. पुढच्या वेळी सांगू, असं म्हणून ती घरी गेली.

पुढची वेळ यायला हवी होती. उन्हाळा होता, मग गवत कापणी, मग शाळा. ती सप्टेंबरात एकदा त्याच्या दारावरून गेली, आतून पाहुण्यांचे आवाज आले म्हणून थांबली नाही. जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, मुकामबेत अके न्यूमोनियाने गेला. अंगणात काळ्या आकाशाखाली मयतासाठी युर्त उभी राहिली, बायका आत विलाप गात बसल्या. केंजेकानही त्यांच्यात बसली. तिला रडू आलं नाही, आणि सगळ्या बायका आपल्याकडे बघतायत असं वाटत राहिलं.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला ती भांडी घासायला थांबली. पाहुणे पांगले होते. ऊलकान जेंगे तिच्या शेजारी बाकावर येऊन बसली, ताटं पुसता पुसता म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी आलात ना, त्याच्या आदल्या शरदात ते वर जाऊन आले होते."

"कुठे वर?"

"सारी-साझला. थोडं दिसत होतं तेव्हा. घोड्यावर बसले आणि गेले एकटे, मला न सांगता. मी इथे जीव मुठीत धरून बसलेली. संध्याकाळी आले, कोपरापर्यंत चिखल. चरात उतरून हाताने चाचपून आले होते सगळं."

केंजेकानच्या हातातलं ताट पाण्यातच राहिलं.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं."

"तर! सगळा हिवाळा तेच चाललं होतं त्यांचं. म्हणायचे, कुरण अजून वाचेल. मी नोकरीला लागलो तेव्हा म्हातारे जंगलवाले होते ना, त्यांनी आणि मी कड्याखाली दगड पुरून ठेवलेत. एका जागी झरे फोडून पाणी पंख्यासारखं पसरवलंय. ती जागा मोकळी केली की पाणी परत पसरेल. मास्तरीण येईल विचारायला, तेव्हा सांगेन. तुम्ही आलात त्या दिवशी सकाळपासून मला म्हणत होते, आशारची माणसं उतरलीत, आज चहा घट्ट कर."

"मग सांगितलं का नाही त्यांनी?" केंजेकानचा आवाज चढला. "जेंगे, तुम्ही तरी मला हाक मारायची!"

"मी म्हटलं त्यांना. तुम्ही फाटकाबाहेर पडलात तेव्हाच म्हटलं, बोलावते परत. तर म्हणाले, नको. ती म्हणाली पिवळं आहे. आता मी तिला तोंडावर खोटं कसं पाडू? शाळेत पोरांना शिकवणारी बाई ती." जेंगेने ताट पुसून बाजूला ठेवलं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर केंजेकानला बरं वाटलं असतं. "म्हणाले, येईल पुन्हा. विचारेल."

केंजेकानने विचारलं, "ती जागा कुठे, काही म्हणाले का?"

"मला काय ठाऊक, बाई? मी तिथे घोड्या दोहायला जायचे. दगड बघायला कोण जातंय?"

त्या जूनमध्ये आशारला अकरा माणसं आली. निघताना दुआ म्हणायला आता एसेनकुलचा काका होता. त्याने हात खाली घेतल्यावर केंजेकान म्हणाली, मला बोलायचंय. मुकामबेत अकेला चार वर्षांपूर्वी आपण काय बोललो, त्याची तिने सगळ्यांना आठवण करून दिली. मग त्याच्या ओसरीवर आपण काय बोललो, तेही सांगितलं. हे कुणाला माहीत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, सरळ वाट बंद करायची आहे.

"आणि माझे पाहुणे?" एसेनकुल म्हणाला.

"वळशाने जातील."

"एजे, तुम्हीच काढलीत, तुम्हीच मोडताय. लोक हसतील."

"हसू देत. तू पहिला हस, तुला सवय आहे."

एसेनकुल हसला नाही. थोड्या वेळाने त्याने पहार उचलली.

वाट काढायला दोन दिवस लागले होते. बंद करायला तो उन्हाळा पुरला नाही. खुंटे उपटले, पट्टे खरवडले, चराच्या तोंडाशी आडव्या फांद्या आणि दगड रचले. तरी माणसं फांद्या ओलांडून जायचीच, कारण पायांना सरळ दिसतं तिकडेच जायचं असतं. मग एसेनकुलने स्वतः दगडगोट्यांतली जुनी वाट साफ केली, पायऱ्यांसारखे सपाट दगड बसवले, आणि आपल्या पाहुण्यांना आधीच दटावून पाठवू लागला. चरात त्यांनी सात ठिकाणी बांध घातले. त्यातले चार पहिल्याच पावसात वाहून गेले.

आणि ती पुरलेल्या दगडांची जागा. केंजेकानने कड्याचा पायथा या टोकापासून त्या टोकापर्यंत पालथा घातला. पहिल्या वर्षी तीन जागी खणलं, तिन्ही चुकल्या. एका जागी तर जिवंत झरा बुजला आणि तो मोकळा करायला दोन दिवस गेले. गावातल्या जुन्या माणसांना विचारलं. कुणी म्हणालं विलोच्या झुडपांपाशी, कुणी म्हणालं दरडीखाली गेलं असेल. मुकामबेत अकेबरोबर काम केलेलं आता कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी झुडपांच्या मुळांत त्यांना एक दगड सापडला, उभा, दोन्ही बाजूंनी घासून सपाट केलेला. माणसाच्या हातचा, यात शंका नव्हती. पण त्याच्या पुढचे-मागचे दगड मातीने गिळले होते, आणि पाणी त्याच्या डावीकडून न्यायचं की उजवीकडून, हे त्या एका दगडावरून सांगता येत नव्हतं. केंजेकान त्याच्याशेजारी बराच वेळ बसून राहिली. शेवटी त्यांनी अंदाजाने डावीकडे चर काढला.

अंदाज अर्धा बरोबर निघाला. कुरणाचा वरचा तिसरा हिस्सा पुन्हा ओला राहू लागला, आणि तिथे फुलं थोडी उंच झाली. खालचा भाग तसाच आहे, गवत आणि चुका. ते परत येईल की नाही, सांगणारं कुणी नाही. जेंगे म्हणते उजवीकडे काढून बघा एकदा. पण डावीकडचं जुळून आलेलं पाणी फोडायची आता कुणाची छाती होत नाही.

गेल्या जूनमध्ये केंजेकान जुन्या वाटेवर पायऱ्यांचे दगड बसवत होती. वरून दोन मुली उतरल्या, पाठीवर मोठ्या पिशव्या, नाकावर ऊन लागलेलं. बिश्केक शहरातल्या होत्या. पाणी प्यायला थांबल्या आणि कुरणाकडे बघून एकीने विचारलं, "एजे, ही वाट इतकी लांबून का गेलीय? इथून सरळ जाता आलं असतं की."

"आधी सरळ होती," केंजेकान म्हणाली. "मीच काढली होती. तिच्यामुळे खालची सगळी फुलं गेली. त्या ओढ्यापर्यंत पिवळं असायचं."

मुलींनी ओढ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "वर मात्र छान आहेत हं," एक म्हणाली, तिला बरं वाटावं म्हणून.

"हो. वर आहेत थोडी."

त्या निघून गेल्या. केंजेकानने दगड उचलून खड्ड्यात ठेवला, बाजूने खडी भरली, आणि त्यावर पाय देऊन पाहिला. हलत होता. तिने तो पुन्हा काढला.